नर्सिंग कॉलेज निवडताना ‘शासनमान्य’ हा शब्द कसा तपासावा

नर्सिंगचे शिक्षण संपल्यावर विद्यार्थिनीच्या हातात दोन महत्त्वाचे कागद येतात. एक पदवीचा किंवा पदविकेचा. तो चौकटीत बसवून भिंतीवर लागतो. दुसरा राज्य परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा. तो बहुधा कपाटातल्या फाइलीत पडून राहतो. नोकरी मात्र या दुसऱ्या कागदावर मिळते. जिल्हा रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे पद असो, खाजगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाची ड्युटी असो किंवा दुबईच्या दवाखान्यातली मुलाखत असो, ‘रजिस्ट्रेशन नंबर काय?’ हा प्रश्न आधी येतो आणि गुण नंतर विचारले जातात. हा नंबर मिळण्यासाठी शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेत, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात आणि मंजूर जागेवर झालेले असावे लागते. या तिन्हींपैकी एक जरी चुकले, तरी चार वर्षांचे कष्ट आणि आईवडिलांचे काही लाख रुपये अडकून पडतात, आणि हे बहुतेकदा अगदी शेवटी कळते.

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडपासून वर्तमानपत्राच्या आतल्या पत्रकापर्यंत सगळीकडे ‘शासनमान्य नर्सिंग कॉलेज’ असे फलक दिसू लागतात. या फलकांतले बहुतेक शब्द खोटे नसतात, पण अपुरे असतात. ‘शासनमान्य’ म्हटले की कोणते शासन, कशाला मान्यता, किती जागांना आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे चार प्रश्न उरतातच. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी नर्सिंगला निघाले आहे, त्या घरासाठी हे प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, कारण नियम राज्यागणिक बदलतात आणि मोघम सल्ल्याचा इथे उपयोग होत नाही.

पहिली पायरी: हा अभ्यासक्रम नोंदणीपर्यंत पोचतो का?

कॉलेजकडे पाहण्याआधी अभ्यासक्रमाकडे पाहावे. भारतात नर्स म्हणून नोंदणी मिळवून देणारे प्रवेशस्तरावरचे अभ्यासक्रम मोजके आहेत. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यातून प्रामुख्याने प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्रात काम करणारी आरोग्य सेविका तयार होते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही तीन वर्षांची पदविका आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे. तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात आणि २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार ती आठ सत्रांत शिकवली जाते. जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे, आणि त्यापुढे एम.एस्सी. नर्सिंग.

यांखेरीज बाजारात ‘डिप्लोमा इन नर्सिंग केअर’, ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ अशा नावांचे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे अभ्यासक्रम चालतात. त्यांपैकी काही कौशल्य विकासाच्या सरकारी चौकटीत बसतात आणि रुग्णसेवेचे प्रामाणिक काम मिळवूनही देतात, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यातून परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही आणि पुढे थेट बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळत नाही. ‘आधी हे करा, मग आपण त्याचे जीएनएममध्ये रूपांतर करून घेऊ’ असे कोणी सांगितले, तर तिथेच उठावे. तसेच नोंदणीकृत नर्स होण्याचे पहिले शिक्षण घरबसल्या किंवा ‘फक्त परीक्षेला या’ या पद्धतीने होत नाही. वॉर्डातले तास हा अभ्यासक्रमाचा गाभा आहे आणि ते टपालाने येत नाहीत.

दुसरी पायरी: परवानगी, मान्यता, संलग्नीकरण आणि मूल्यांकन वेगवेगळे ओळखावे

बोलताना आपण सगळ्यालाच मान्यता म्हणतो. कार्यालयांच्या लेखी मात्र हे चार वेगळे व्यवहार आहेत.

महाविद्यालय सुरू करायला राज्य शासनाची परवानगी लागते. ती शासन निर्णयाने मिळते आणि त्यात संस्थेचे नाव, ठिकाण, अभ्यासक्रम व प्रवेशक्षमता लिहिलेली असते. त्यानंतर परिचर्या परिषदांचा भाग येतो. राज्य पातळीवर ‘महाराष्ट्र परिचर्या परिषद’ आहे, जी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली काम करते आणि नर्सेसची नोंदवही सांभाळते. देश पातळीवर ‘इंडियन नर्सिंग कौन्सिल’ आहे. देशभर नर्सिंगचे शिक्षण एकाच दर्जाचे असावे, एका राज्यातली नर्स दुसऱ्या राज्यात अडू नये, या हेतूने १९४७ च्या कायद्याने या कौन्सिलची तरतूद झाली. अभ्यासक्रम काय असावा, शिक्षक किती असावेत, रुग्णालय कसे असावे, याचे निकष हे कौन्सिल ठरवते.

तिसरा भाग परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा, म्हणजे संलग्नीकरणाचा. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगची बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात, तर एएनएम व जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. याला अपवादही आहेत. कराड, पुणे, वर्धा अशा ठिकाणच्या अभिमत विद्यापीठांची नर्सिंग महाविद्यालये स्वतःच्या विद्यापीठाची पदवी देतात. म्हणून नाशिकचे नाव दिसले नाही एवढ्यावरून कॉलेज बोगस ठरवू नये; तिथे कोणत्या विद्यापीठाची पदवी मिळते आणि त्या पदवीला परिषदांची मान्यता आहे का, हे पाहावे.

चौथा भाग मूल्यांकनाचा, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. नॅक ही उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणारी, बंगळूरला मुख्यालय असलेली यंत्रणा १९९४ मध्ये स्थापन झाली. ती संस्थेला ‘ए प्लस प्लस’पासून खाली श्रेणी देत आली आहे. ही श्रेणी चांगल्या कारभाराची खूण असू शकते, पण ती परिषदेच्या मान्यतेची जागा घेत नाही. नॅकची श्रेणी नसलेले आणि बाकी सर्व कागद चोख असलेले नर्सिंग कॉलेज चालू शकते. नॅकची उत्तम श्रेणी मिरवणाऱ्या विद्यापीठाने गेल्याच वर्षी सुरू केलेला आणि परिषदेची मान्यता नसलेला नर्सिंग विभाग मात्र चालत नाही. रुग्णालयांसाठी असलेले एनएबीएच मानांकन आणखी वेगळे; ते रुग्णालयाच्या सेवेविषयी बोलते, शेजारच्या इमारतीतल्या वर्गांविषयी नाही. आयएसओ प्रमाणपत्राचा तर नर्सिंग शिक्षणाशी काहीही संबंध नाही, ते कार्यालयीन पद्धतींचे असते. तरीही प्रवेशद्वारावर ते सगळ्यात मोठ्या अक्षरांत लावलेले का असते, याचे उत्तर वाचकांनी स्वतःच शोधावे.

फलकावर दिसणारा आणखी एक क्रमांक नीट पाहावा. ‘शासन नोंदणीकृत, नोंदणी क्रमांक अमुक’ असे लिहिलेले असते आणि साधा पालक निश्चिंत होतो. हा क्रमांक बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली मिळालेला असतो. म्हणजे संस्था चालवणारे मंडळ नोंदलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. गणेशोत्सव मंडळाचीही अशी नोंदणी असते.

तिसरी पायरी: कागद मागावा आणि त्यावरच्या पाच गोष्टी वाचाव्यात

प्रवेशाची चौकशी करायला गेल्यावर शासनाचा परवानगीचा आदेश, परिषदेच्या मान्यतेचे पत्र आणि विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या चालू वर्षाच्या संलग्नीकरणाचे पत्र, या तीन कागदांच्या प्रती नम्रपणे मागाव्यात. ज्यांच्याकडे ते असतात ते दाखवायला कचरत नाहीत. ‘सर बाहेरगावी आहेत’, ‘फाइल नाशिकला आहे’, ‘आधी सीट बुक करा, मग दाखवतो’ अशी उत्तरे दोनदा मिळाली, तर तिसऱ्यांदा जाण्यात अर्थ नाही.

कागद हातात आला की संस्थेचे नाव, पत्ता, अभ्यासक्रम, जागांची संख्या आणि वर्ष या पाच गोष्टी पाहाव्यात. एकाच शिक्षण संस्थेची तीन गावांत तीन कॉलेजे असतात, त्यातले जुने मान्यताप्राप्त असते आणि प्रवेश मात्र नव्या शाखेत दिला जातो, तेव्हा नाव सारखे आणि पत्ता वेगळा निघतो. त्याचप्रमाणे जीएनएमची मान्यता असणे म्हणजे बी.एस्सी.ची मान्यता असणे नव्हे. प्रत्येक अभ्यासक्रमाची मान्यता स्वतंत्र असते. वर्षाचे महत्त्व तर फारच मोठे आहे. मान्यता एकदा मिळाली म्हणजे कायमची होत नाही. संलग्नीकरणाचे नूतनीकरण होत राहते, तपासणी समित्या येतात, आणि दर्जा घसरलेला आढळल्यास मान्यता काढून घेण्याची तरतूद १९४७ च्या कायद्यातच आहे. पाच वर्षांपूर्वीचे पत्र चौकटीत लावलेले दिसले, तर यंदाचे कुठे आहे, असे विचारावे.

जागांच्या संख्येकडे बहुतेक पालक पाहतच नाहीत, म्हणून इथे थोडे थांबतो. समजा, एखाद्या कॉलेजला ५० जागा मंजूर आहेत आणि संस्थेने ६२ जणींकडून शुल्क घेतले. वर्गात ६२ जणी बसतात, ६२ जणी गणवेश शिवतात, ६२ जणींची हजेरी लागते. पण विद्यापीठाकडे नावे जातात ती ५०. उरलेल्या १२ जणींना ‘तुमची नावे पुढच्या यादीत’ असे सांगितले जाते आणि पहिल्या परीक्षेच्या अर्जाच्या वेळी प्रकरण उघडे पडते. या बाराजणींचे कॉलेज पूर्णपणे मान्यताप्राप्त होते. त्यांचा प्रवेश तेवढा मान्यताप्राप्त नव्हता. कॉलेज चांगले असल्याची खात्री झाल्यावरही आपली जागा मंजूर संख्येत बसते का, हा प्रश्न म्हणूनच वेगळा विचारावा लागतो.

चौथी पायरी: कागदावर विसंबू नये, उलटतपासणी करावी

छायाप्रत कोणीही काढू शकते. म्हणून हातात मिळालेली माहिती दुसऱ्या टोकाकडून पडताळावी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर राज्यनिहाय व अभ्यासक्रमनिहाय संस्थांच्या याद्या असतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांची यादी पाहता येते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या प्रवेश फेऱ्यांमध्ये जी महाविद्यालये दिसतात त्यांना संकेतांक असतो. तो संकेतांक कॉलेजने सांगितलेल्या नावाशी जुळतो का, ते पाहावे. नाव टाइप करताना स्पेलिंगच्या घोळात खरे कॉलेजही सापडत नाही, म्हणून जिल्ह्याच्या यादीतून शोधणे सोपे पडते. इंटरनेटची सवय नसेल तर महाविद्यालयीन मित्राची किंवा ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्राची मदत घ्यावी. कॉलेजच्याच एजंटाने मोबाईलवर दाखवलेल्या पानाला पडताळणी म्हणता येणार नाही.

एजंटांविषयी एवढेच सांगतो की जो माणूस प्रवेशामागे दलाली घेतो, तो मान्यतेविषयी तटस्थपणे बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. तो गावातला, ओळखीचा, आत्याच्या सासरचा असला तरीही.

पडताळणीत एक नवी बाब लक्षात ठेवावी. संसदेने २०२३ मध्ये ‘राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा’ संमत केला असून १९४७ च्या कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोग, राज्यांत राज्य आयोग, आणि शिक्षण, मूल्यांकन व नोंदणी यांसाठी वेगवेगळी मंडळे अशी रचना त्यात सांगितली आहे. संस्थांची तपासणी करून त्यांना दर्जा देण्याचे काम त्यातल्या एका मंडळाकडे सोपवलेले आहे. त्यामुळे पत्रावर कौन्सिलऐवजी आयोगाचे नाव दिसले तर दचकू नये. आपण प्रवेश घेतो त्या वर्षी अधिकार कोणाकडे आहे हे राज्य परिषदेच्या कार्यालयातून समजून घ्यावे आणि त्याच संस्थेचे पत्र मागावे.

पाचवी पायरी: रुग्णालय पाहावे

आतापर्यंतचे सगळे कागदाचे झाले. माझ्या मते मान्यतेचा खरा अर्थ वॉर्डात कळतो, आणि पालकांनी सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांमागे साधा विचार आहे. नर्सिंग हे हाताने शिकायचे शास्त्र आहे आणि हात रुग्णाशिवाय शिकत नाहीत. म्हणून बी.एस्सी. नर्सिंग सुरू करू इच्छिणाऱ्या संस्थेकडे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे, दर विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण मिळावेत आणि दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असे निकष कौन्सिलने घातले आहेत.

आता याचा हिशेब स्वतः मांडून पाहावा. दरवर्षी ६० प्रवेश असतील तर चार वर्षांत मिळून २४० विद्यार्थी होतात. त्यांतले एक तृतीयांश जरी एका वेळी वॉर्डात असले तरी ८० जणींना दर डोई तीन याप्रमाणे २४० रुग्ण लागतील. १०० खाटांच्या रुग्णालयात ७५ खाटा भरलेल्या असतील तर हा हिशेब बसत नाही, हे कोणालाही दिसते. म्हणून कॉलेजे जिल्हा रुग्णालय, मनोरुग्णालय, प्रसूतिगृह, ग्रामीण आरोग्य केंद्र अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना पाठवतात. त्यात गैर काही नाही. मानसिक आरोग्य आणि सामाजिक आरोग्य परिचर्या शिकायला बाहेर जावेच लागते. मात्र त्या रुग्णालयाशी लेखी करार आहे का, तो किती वर्षांचा आहे, आणि त्याच रुग्णालयात आणखी किती कॉलेजे येतात, हे विचारावे. जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात सकाळी नऊ वाजता जाऊन उभे राहिले की तीन-चार वेगवेगळ्या रंगांचे गणवेश एकाच खाटेभोवती दिसतात. त्या गर्दीत शेवटच्या रांगेतली मुलगी टाचा उंचावून बघते आणि वहीत ‘प्रसूती केली’ अशी नोंद करते. तिच्या पदवीला मान्यता असते. पुढे रात्रपाळीत एकटीवर प्रसूती करण्याची वेळ आली की त्या नोंदीचा काही उपयोग होत नाही.

रुग्णालय पाहायला जाताना कॉलेजच्या माणसाबरोबर जाऊ नये. भेटीच्या वेळेत नातेवाइकांसारखे जावे. खाटा मोजाव्यात, त्यांतल्या किती भरलेल्या आहेत ते पाहावे. तपासणीच्या दिवशी खाटांवर निरोगी माणसे झोपवल्याचे किस्से या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ऐकलेले असतात. साध्या मंगळवारी दुपारी तिथे किती माणसे आहेत, हे खरे. मग तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या दोन मुलींशी चहाच्या टपरीवर बोलावे. ‘पोस्टिंग कुठे असते? बरोबर ट्यूटर मॅडम असतात का? लॉगबुकवर, म्हणजे वॉर्डातल्या कामाच्या नोंदवहीवर, सह्या रोजच्या रोज होतात की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात? गेल्या बॅचचे रजिस्ट्रेशन झाले का?’ या चार प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तिकेच्या चाळीस पानांपेक्षा जास्त सांगतात. शेवटचा प्रश्न तर सोडूच नये. आधीची तुकडी पास होऊन नोंदणी घेऊन कामाला लागली असेल, तर साखळी शाबूत आहे. कॉलेज नवे असून पहिली तुकडीच अजून बाहेर पडलेली नसेल, तर जोखीम किती आहे हे ओळखून निर्णय घ्यावा.

शेजारच्या राज्यात जायचे असेल तर

सोलापूर, सांगली, कोल्हापूर, लातूर या भागांतून अनेक मुलेमुली विजयपूर, बेळगाव, कलबुर्गी किंवा थेट बंगळूरला नर्सिंगसाठी जातात. कर्नाटकात पदवीचे मुख्य विद्यापीठ राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ असून नोंदणी आधी कर्नाटकाच्या परिषदेकडे होते. महाराष्ट्रात परत येऊन सरकारी नोकरी करायची असेल तर तिथून ना-हरकत व पडताळणी आणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी घ्यावी लागते. ही प्रक्रिया वेळखाऊ असली तरी सरळ आहे, फक्त मूळ मान्यता वादात नसावी.

ती वादात सापडली तर काय होते, हे २०१७ मध्ये दिसले. संस्था चालवायला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते, की राज्य परिषद व विद्यापीठ यांची पुरेशी आहे, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला आणि संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार कौन्सिलला नाही, असा निर्णय तिथे झाला. त्या सुमारास कौन्सिलच्या यादीतून कर्नाटकातल्या संस्थांची नावे दिसेनाशी झाली. कायद्याचा मुद्दा बारीक होता, पण दुसऱ्या राज्यांतून तिथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या राज्यात नोंदणी मिळेल का, परदेशात पदवी धरतील का, ही धास्ती बसली. यातून नव्याने जाणाऱ्याने घ्यायची गोष्ट अशी की परराज्यात प्रवेश घेण्याआधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, किंवा गोव्यात परतायचे असेल तर गोवा नर्सिंग कौन्सिलकडे, ‘या कॉलेजच्या या अभ्यासक्रमाची नोंदणी तुमच्याकडे होईल का?’ असे लेखी विचारावे. उत्तर मिळायला पंधरा दिवस लागले तरी थांबावे.

नोकरी आणि परदेश

मान्यतेचा कस पुढे तीन ठिकाणी लागतो. एम्सच्या परिचर्या अधिकारी पदासाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेत कौन्सिलमान्य संस्थेतले शिक्षण आणि परिषदेची नोंदणी ही पात्रतेची अट असते. राज्यातल्या अधिपरिचारिका भरतीतही कागदपत्र पडताळणीला नोंदणी प्रमाणपत्र लागते. एम.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला प्रवेश घेताना आधीची पात्रता मान्य संस्थेची हवी. आणि परदेशी जाताना तर सगळी साखळी दुव्यादुव्याने तपासली जाते.

आखाती देशांत आपण दिलेली प्रमाणपत्रे डेटाफ्लोसारख्या कंपन्या थेट कॉलेज, विद्यापीठ आणि परिषदेला विचारून पडताळतात. ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, अमेरिकेत परदेशी नर्सेसची कागदपत्रे तपासणाऱ्या सीजीएफएनएसची (आता नाव ट्रूमेरिट) पडताळणी व त्यानंतर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, असे टप्पे असतात. कॉलेज बंद पडले, पत्राला उत्तर देत नाही, किंवा नोंदवह्या नीट ठेवलेल्या नाहीत, तर पात्र नर्ससुद्धा महिनोन्‌महिने अडकते. जर्मनीत आपल्या अभ्यासक्रमातील थिअरी व प्रात्यक्षिकाचे तास तिथल्या प्रशिक्षणाशी ताडून पाहतात आणि तफावत निघाली तर जादा प्रशिक्षण किंवा परीक्षा देऊन ती भरून काढावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून ‘जर्मनी गॅरंटी’ असे फलक वाढले आहेत. तिथे जायचे असेल तर जर्मन भाषेची तयारी आणि तासांचा चोख हिशेब लागतो; फलकावरची हमी तिथल्या कार्यालयाला बांधील नाही.

हा आजार फक्त आपल्याकडचा आहे, असेही समजू नये. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडात तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्याचे तपास यंत्रणांनी उघड केले. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबातली मुले तिथेच नर्सिंगला जात असतील तर त्यांनीही राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी आणि एसीईएन किंवा सीसीएनई या मूल्यांकन संस्थांपैकी एकीचे मूल्यांकन या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. पहिलीवाचून परीक्षेला बसता येत नाही आणि दुसरीवाचून पुढचे शिक्षण व काही नोकऱ्या अडतात.

पैसे देताना आणि दिल्यानंतर

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश सामाईक परीक्षा व केंद्रीय फेऱ्यांतून होतात. खाजगी विनाअनुदानित संस्थांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि झालेले प्रवेश प्रवेश नियामक प्राधिकरण तपासते. देणगी घेण्याला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून मंजूर शुल्काचा आकडा आधी पाहून तेवढीच रक्कम बँकेतून द्यावी, पावतीवर ट्रस्टचे नव्हे तर कॉलेजचे नाव, अभ्यासक्रम आणि वर्ष लिहून घ्यावे. शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतीचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरताना कॉलेज व अभ्यासक्रम त्या यादीत सापडतात की नाही, यावरूनही बरेच कळते. ‘स्कॉलरशिप आम्ही मिळवून देतो, तुम्ही फक्त कोऱ्या फॉर्मवर सही करा’ असे म्हणणाऱ्यापुढे सही करू नये. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके पडताळणीला दाखवावीत आणि पडताळणी झाली की परत मागावीत.

प्रवेश झाल्यानंतरचे पहिले तीन-चार महिने सावध राहावे. विद्यापीठाकडे पात्रतेसाठी नाव गेले का, विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मिळाला का, मंडळाच्या यादीत नाव आले का, याची विचारणा महिन्यातून एकदा करावी. नाव नसल्याचे पहिल्या सत्रात कळले तर वर्ष वाया न घालवता हालचाल करता येते. आधी प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर तोच अर्ज विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागाकडे, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आणि प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे ईमेलने व स्पीड पोस्टाने पाठवावा. अर्जासोबत शुल्काच्या पावत्या, प्रवेशपत्र आणि कॉलेजने दाखवलेल्या मान्यतेच्या पत्रांच्या प्रती जोडाव्यात. याच कारणासाठी त्या प्रती पहिल्या दिवशी मागून घ्यायच्या आणि फाइलीत तारखेसह लावून ठेवायच्या असतात.